नंदीचं तोंड मागं

अहो, तुम्ही गेल्यावर बरेच दिवस घरात ‘उलाळ’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं, ती गाडी उलाळ. पुढे जास्त झालं की धुरजड. हे शब्द काही तुम्ही शोधले नव्हते, आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला ते माहीत असतात. पण आळेफाट्यावर ट्रेलरचा धंदा करणारा आणि सगळं जग या दोन शब्दांत कोंबणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. भाजीत तिखट जास्त झालं की भाजी उलाळ. तुमच्या आत्याचं बोलणं धुरजड. आपल्या लग्नात माझ्याकडची माणसं जास्त आणि तुमच्याकडची कमी आली, तर तुम्ही भर मांडवात म्हणालात, "मांडव उलाळ झालाय." मी नवी नवरी. मला वाटलं मांडव पडतोय, आणि मी मुंडावळ्यांसकट उठून उभी राहिले. माहेरी अजून त्यावरून हसतात.

तुमचं काम सांगायला सोपं होतं. जे साध्या ट्रकवर मावत नाही ते लो-बेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर, चढवायचं आणि न हलता पोचवायचं. साखर कारखान्याचे रोलर, बॉयलर, पोकलेन, शीतगृहाच्या टाक्या. पण ‘माल ठेवला’ असं कुणी म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही. "ताटली ठेवत्यात. माल बसवत्यात," असं तुम्ही सोपानला सांगायचात. सोपान इतकी वर्षं आपल्या ट्रेलरवर ड्रायव्हर आहे, तरी हे वाक्य त्याने प्रत्येक खेपेला ऐकलं असेल. गणपती बसवतो तसा बॉयलर बसवायचा. आधी जागा साफ, मग लाकडी ठोकळे, त्यावर रबर, मग माल, मग पाचरी, आणि सगळ्यात शेवटी साखळ्या. साखळीने माल थांबतो हे तुम्हाला कधीच मान्य नव्हतं. माल स्वतःच्या बैठकीने थांबतो आणि साखळी फक्त त्याला आठवण करून देते, असं तुमचं म्हणणं.

आणि तुमचा तो पहिला चहा. माल घेऊन गाडी निघाली की थोडं पुढे जाऊन, जे पहिलं हॉटेल लागेल तिथे ती उभी करायची. नव्या माणसाला वाटायचं, मालक चहाबाज आहे. चहा यायचा, पण ग्लासाला हात लावायची सोय नव्हती. आधी सगळे पट्टे आणि साखळ्या पुन्हा आवळायच्या, कारण चाकं फिरली की माल खाली दबतो आणि कितीही ताणलेला पट्टा सैल पडतो. तोवर चहा गार. फाट्यावर आपल्या माणसांना ‘गार चहावाले’ म्हणत आणि तुम्हाला त्याचा कोण अभिमान! मला मात्र त्या चहाचा राग यायचा. घरी तुम्हाला चहा जरा कोमट लागला तर कपाळाला आठी पडायची.

आता त्या भांडणाबद्दल बोलते. ते तुमच्या जाण्याने मध्येच तुटलं, आणि मला मध्येच तुटलेलं काही सहन होत नाही.

माझ्या माहेरी, घोडेगावच्या पुढे, डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, गावाने महादेवाचं देऊळ नव्याने बांधलं. त्यासाठी काळ्या दगडाचा नंदी आपल्या बाजूच्या एका पाथरवटाकडे घडवून घेतला. चौथऱ्यासकट एकाच दगडातला, ट्रेलरच्या दोन्ही कडांबाहेर निघणारा. बसलेला बैल म्हटल्यावर सगळं वजन मागच्या पुठ्ठ्यात, आणि मान-तोंड त्या मानाने हलकं. माझा थोरला भाऊ देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष. दादा स्वतः आपल्या ऑफिसात येऊन बसला आणि म्हणाला, "नंदीचं तोंड पुढं पायजे."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तोंड मागं."

"दाजी, बाजारातनं बैल आनला तर आपुन त्याला पाठमोरा घरात घेतो का? दारात बाया भाकरतुकडा ओवाळत्यात. आता काय शेपटाला ओवाळायचं?"

"बाजारातला बैल चालत येतो. ह्यो बसून येनार हाय."

मग तुम्ही त्याला नीट समजावलं, हे मी मान्य करते. तोंड पुढे केलं तर जड पुठ्ठा मागे जाणार. सगळा नंदी पुढे सरकवावा म्हटलं तर ट्रेलरची उंच मान आड येते. म्हणजे वजन मागे पडणार आणि डिंभ्याच्या वरच्या चढाला घोडा हलका होणार. घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिन, हे दादाला माहीत होतं. घोड्याची चाकं जमीन धरेनाशी झाली की वळणावर काय होतं, तेही तुम्ही सांगितलंत. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्ये समदं खरं हाय. पन गावात नंदी पाठमोरा न्हाई येनार."

मी दादाच्या बाजूने बोलले. माझं माहेर म्हणून नव्हे, मला खरोखरच पटलं होतं. आमच्याकडे भातखाचरात राबलेल्या बैलाला म्हातारा झाला तरी कुणी पाठ दाखवायला लावत नाही, आणि हा तर देवाचा. मी म्हटलं, दुसरा ट्रेलर आणा, वजन लावा, काहीतरी करा. इतकी वर्षं अडलेला माल काढताय ना? तुम्ही आधी हसलात. मग चिडलात. आणि मग ते वाक्य बोललात, "तुजं माहेरच उलाळ हाय."

मी बोलणं बंद केलं. तुम्ही पोह्यांवर खोबरं मागितलं नाहीत, मी वाढलं नाही. एक चांगलं झणझणीत उत्तर मी मनात तयार करून ठेवलं होतं. संध्याकाळी देईन म्हटलं, जरा शिजू दे. दुपारी तुम्ही आवारातून आत आलात, छातीत कळ येतेय म्हणालात, आणि सोपानने जीप दाराशी आणेपर्यंत सगळं आटपलं होतं. मला अजून कळत नाही की इतका मोठा माणूस इतक्या थोड्या वेळात कसा काय जातो. मी त्या दिवशी रडले त्यात निम्मं दुःख होतं आणि निम्मा राग.

तेरावं झाल्यावर भावजींनी विषय काढला. तुमचा भाऊ वाईट माणूस नाही, माझ्या काळजीनेच बोलला. "वयनी, लो-बेड काडून टाकू. साधे ट्रक ठिवू, मंचरातनं कांदा-बटाटा भरू. आण्णा व्हता तवर ठीक व्हतं. आता एवडाले माल बसवनार कोन?" सोपान दारात उभा होता. त्याने खाली बघितलं. मी म्हटलं, नंदी जाऊ द्या, मग बघू.

म्हणजे बघा, तुम्ही मला कसल्या पेचात टाकून गेलात. नंदी जराही कलला असता, तर लो-बेड विकला गेला असता, सोपान कांद्याच्या ट्रकवर गेला असता आणि तुम्ही आयुष्यभर उभं केलेलं काम तुमच्या मागोमाग गेलं असतं. आणि नंदी तुमच्या म्हणण्याप्रमाणे नेला असता तर माझं माहेर तुटलं असतं.

दादा पुन्हा आला. डोळे पुसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "शके, दाजी तर गेले. आता तरी तोंड पुढं घे. गावाचा मान ऱ्हाईल."

‘आता तरी’ हे दोन शब्द मला असे झोंबले म्हणून सांगू! म्हणजे तुम्ही गेलात म्हणून वादात हरलात? हा कुठला न्याय? तुम्ही समोर असताना मी तुमच्याशी भांडत होते, ते माझं मी बघून घेतलं असतं. पण तुमच्या पाठीमागे तुमचं म्हणणं कुणी असं खिशात घालावं, हे मला चालणार नव्हतं. मी दादाला म्हटलं, "वाट बघून येते, मग सांगते."

वाट बघणं हीसुद्धा तुमचीच रीत. माल हलायच्या आधी रिकाम्या पिकअपने सगळा रस्ता हिंडायचा, लांब बांबू घेऊन विजेच्या तारांची उंची बघायची, फांद्या बघायच्या, वळणावर उतरून पायी चालायचं. मी आणि सोपान निघालो. सोपान बांबू धरायचा, मी वर बघायची. घोडेगावात एका ठिकाणी तार खाली आली होती, ती वर ओढून घ्यायला सांगितली. धरणाच्या वरच्या वळणावर मी उतरले आणि चालले. नुसतं चालतानाही पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा तो चढ मला पहिल्यांदा तुमच्या डोळ्यांनी दिसला. तोंड पुढे करून इथून जाता येणार नाही, हे मला तिथेच पटलं. अगदी मनापासून पटलं आणि वाईटही वाटलं, कारण आता दादाला काय सांगायचं?

गावात पोचलो. मोठ्या रस्त्यापासून देवळापर्यंत सरळ सपाट गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, आणि शेवटी पटांगण. पटांगणाच्या तिन्ही बाजूंना दगडांचा गडगा. मी सोपानला विचारलं, "घोडा आत गेला की वळनार कुटं?"

"वळत न्हाय. उतरवून झालं की रिव्हर्स काडायचा, वयनी."

"आनि क्रेन कुटं उभी ऱ्हानार?"

सोपानने पटांगणाकडे बघितलं. घोडा पुढे, त्यामागे सगळा ट्रेलर. गडग्यापर्यंत घोडाच भरणार. नंदी उचलून देवळासमोर ठेवायला क्रेन उभी राहायची ती जागाच उरत नव्हती. तो डोकं खाजवत म्हणाला, "मंग आदी क्रेन आत, आनि ट्रेलर रिव्हर्समदी घ्यावा लागंल. मोठ्या रस्त्यावरनंच."

तो बोलून गेला. मी तिथेच उभी राहिले. ट्रेलर उलटा गावात शिरणार. म्हणजे ट्रेलरचं शेपूट आधी येणार. आणि शेपटाकडे जर नंदीचं तोंड असेल तर?

दादाला तोंडी सांगून कळेना. तो म्हणे, तोंड मागं म्हणजे मागंच. मग मी त्याला धरून पिकअपच्या हौद्यात चढवलं आणि मागे तोंड करून बसवलं. गावातली माणसं जमली. अध्यक्ष हौद्यात मांडी घालून बसलेत, डोक्यावर टोपी, काही कळत नाही काय चाललंय. सोपानने गाडी मोठ्या रस्त्यावर नेली आणि गल्लीतून हळूहळू उलटी आत आणली. पटांगणात आल्यावर मी विचारलं, "दादा, गावात कसा आलास? तोंडानं का पाठीनं?"

एक म्हातारी मोठ्यांदा हसली आणि म्हणाली, "आरं, त्वांडानंच की! ओवाळू का तुला?" सगळं गाव हसलं. दादाही हसला, मग हौद्यातच बसून रडला. "दाजी आसते तर लई हसले आसते," म्हणाला. मला तेव्हा पहिल्यांदा तुमच्याशिवाय हसू आलं, आणि त्याबद्दल अपराधी वाटलं नाही.

नंदी चढवायच्या दिवशी पाथरवटाच्या आवारात मी तुमच्या जागी उभी होते. माहेरच्या बायकांनी जुन्या गोधड्या पाठवल्या होत्या, दगडाला पट्टा घासू नये म्हणून. शिंगांना आणि कानांना आम्ही त्या गुंडाळल्या, तेव्हा नंदी थंडीताप आल्यासारखा दिसायला लागला. क्रेनने उचलला, पुठ्ठा घोड्याकडे आणि तोंड मागे करून अलगद खाली टेकवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्हाला नुसतं बघून कळायचं. मला नाही कळत. मी टायर बघितले, पुढचे आणि मागचे, किती दबलेत ते. वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. मग सोपान हळूच म्हणाला, "वयनी, जरा धुरजड वाटतंय."

कितीतरी दिवसांनी तो शब्द ऐकला. सोपानला वाटलं, आपण चुकून काही बोललो. मी म्हटलं, "बरूबर हाय. वीतभर मागं घ्या." क्रेनने पुन्हा उचलला, वीतभर मागे घेतला. टायर सारखे झाले. तेव्हा पाचरी ठोकल्या.

आळेफाटा सोडला आणि पहिल्या हॉटेलपाशी गाडी थांबली. मी सांगितलं नव्हतं, सोपानने स्वतःच थांबवली. चहा आला आणि आम्ही पट्टे बघायला गेलो. डाव्या बाजूचा पट्टा सैल पडला होता, हात आत जाईल इतका. मी स्वतः आवळला. परत आले तर चहा गार, वर साय धरलेली. तो चहा मी बसून सगळा प्यायले. हॉटेलवाला विचारत होता, गरम करून देऊ का ताई. त्याला काय सांगणार होते मी? डोळ्यांतलं पाणी चहात पडलं तरी मी ग्लास खाली ठेवला नाही.

पुढे लाल झेंड्याची जीप, मध्ये ट्रेलर, मागे मी पिकअपमध्ये. नंदीचं तोंड थेट माझ्याकडे. मंचरात गर्दी होती. कांद्याच्या ट्रॅक्टरवाल्यांनी वाट दिली, मोटारसायकलवाली पोरं मागून येऊन फोटो काढत होती, रस्त्याकडेच्या बायका हात जोडत होत्या. तोंड पुढे असतं तर मागून येणाऱ्यांना पाठच दिसली असती, हे दादाने फोनवर तीनतीनदा सांगितलं, जणू काही ही युक्ती त्याचीच.

मग घाट लागला. ट्रेलर संथ चढत होता. त्या वरच्या वळणावर मी खिडकीतून मान बाहेर काढून घोड्याच्या चाकांकडे बघत राहिले. चाकं जराही घसरली नाहीत. नंदी हलला नाही. तो माझ्याकडे बघत होता, अगदी तुम्ही जेवणानंतर बघायचात तसा, काय बोलायचं ते बोलून टाक म्हणून. मग मी ते शिजवत ठेवलेलं उत्तर त्याला देऊन टाकलं. पिकअपचा ड्रायव्हर शेजारी होता, तरी मोठ्यांदा म्हटलं, "माजं माहेर उलाळ, तुमी धुरजड, म्हनून आपली गाडी सरळ चालली!" ड्रायव्हर बिचारा रस्त्याकडे बघत राहिला.

गावाच्या तोंडाशी सोपानने घोडा वळवला. शिट्टी वाजली, माणसं दोन्ही बाजूंना सरकली आणि ट्रेलर हळूहळू उलटा गल्लीत शिरला. गोधड्या आम्ही मोठ्या रस्त्यावरच सोडून घेतल्या होत्या. दारादारातून बायका भाकरतुकडा घेऊन बाहेर आल्या आणि नंदी मान वर करून, तोंडाने, गावात आला. माझी वहिनी ताट घेऊन पुढे झाली आणि निरंजन तिने माझ्या हातात दिलं. नंदी जागेवर बसला तेव्हा तुम्हाला खरोखर हाक मारली मी, मनातल्या मनात नव्हे.

भावजी आले होते. लो-बेडबद्दल काही बोलले नाहीत. परत निघताना सोपानला विचारत होते, शेजारच्या तालुक्यात एक बॉयलर न्यायचाय, बसंल का आपल्या गाडीवर? सोपान माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "वयनीला इचारा."

एकच गोष्ट मला राहून राहून सतावते. पटांगणात घोडा वळत नाही, ट्रेलर उलटाच न्यावा लागणार, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं का? माहीत असून तुम्ही नुसतं ‘तोंड मागं’ म्हणून आम्हा बहीणभावाची मजा बघत होतात का? तसं असेल तर तुमच्याइतका आगाऊ माणूस नाही. आणि माहीत नसेल तर वजनाचं तुम्ही बघितलंत, मानाचं मी बघितलं. मला हे दुसरंच खरं वाटतं. मी तेच धरून चालणार आहे.

दादाने तेच विचारलं, देवळाच्या पायरीवर बसून. "शके, ही अक्कल दाजींची का तुजी?"

"निम्मी निम्मी," मी म्हटलं.

"मग मिटलं म्हनायचं तुमचं भांडान."

"न्हाई दादा," मी म्हटलं, "चालूच हाय. आता माजी पाळी हाय बोलायची."